चिखलवाटेची शिदोरी : ट्रॅक्टर-जीपमध्ये कोणती हत्यारे ठेवाल?

मृगाच्या सरी कोसळल्या की शेगाव तालुक्यातील काळी जमीन आपले रूप पालटते. उन्हाळ्यात हात जाईल एवढ्या भेगा पडलेली ही माती पाणी पिऊन फुगते, भेगा बुजतात आणि काल धूळ उडवणारी पांदण आज चाक गिळू लागते. मुंबई-नागपूर लोहमार्गावरच्या शेगावात गाडी बिघडली तर मिस्त्री मिळतो. पण उत्तरेकडे पूर्णेच्या अंगाला, शेताच्या वाटेवर, अंधार पडताना ट्रॉली फसली तर? ट्रॉलीत खताची पोती असतात, कधी घरचे आजारी माणूस असते. अशा वेळी गाडीत काय आहे यावरच सारे अवलंबून.

आपल्या वाडवडिलांना ही गोष्ट पक्की ठाऊक होती. बैलगाडीखाली वंगणाचे नळकांडे टांगलेले असे; सोबत दोर, कुऱ्हाड आणि एखादी जादा खीळ. एवढेच सामान, पण वाटेत जे मोडते त्यासाठीच ते असे आणि गाडीवानाला ते वापरता येई. आजही हत्यार निवडण्याची कसोटी हीच. चकचकीत पेटी विकत घेण्याआधी गेल्या दोन पावसाळ्यांत आपली गाडी कशाने अडली ते आठवा.

सर्वांत आधी घ्यावी ती लाकडी फळी. दीड फूट लांब-रुंद, दोन इंच जाड, बाभळीची असली तर उत्तम. काळ्या मातीत जॅक लावला की गाडी वर येण्याऐवजी जॅकच खाली जातो. फळीने भार पसरतो. जॅकवर किती टनांचा आहे ते लिहिलेले असते. भरलेल्या ट्रॉलीला जीपचा जॅक चालत नाही. आधी माल उतरवावा. चाकांना लावायला दोन उटी आणि टेकूला एक भक्कम ओंडका हवाच. नुसत्या जॅकच्या भरवशावर गाडीखाली कुणीही शिरू नये. जॅक निसटायला क्षण पुरतो आणि तो क्षण घरादाराला भोवतो.

दुसरा मान चाकपान्याचा. त्याला लांब दांडा असावा. गाडी उचलण्याआधीच नट थोडे सैल करावेत. बसवताना समोरासमोरचे आळीपाळीने आवळावेत आणि थोडे अंतर गेल्यावर पुन्हा तपासावेत. याखेरीज आपल्या गाडीला लागतात तेवढे पाने, पक्कड, पेचकस, हातोडी, हवेचा पंप, जादा फॅन बेल्ट, थोडी तार आणि चिंध्या. प्रत्येक पाना अंगणातच नटाला लावून पाहावा. न बसणारा पाना म्हणजे नुसते ओझे.

ट्रॉलीच्या हुकाची जादा पिन आणि तिची क्लिप विसरू नका. पिन निसटली तर भरली ट्रॉली सुटते.

डिझेल संपून टाकी कोरडी पडली की नळीत हवा शिरते आणि डिझेल भरूनही इंजिन धरत नाही. जुन्या पद्धतीच्या इंजिनात फिल्टरजवळचा स्क्रू सैल करून हातपंप मारावा. बुडबुडे थांबून सलग डिझेल आले की स्क्रू आवळावा. नव्या कॉमन रेल इंजिनाच्या जास्त दाबाच्या नळ्या मात्र घरी सोडू नयेत.

चिखलासाठी फावडे, विळा, चार रिकामी पोती आणि जाड साखळी किंवा दोर ठेवावा. चाक जागीच गरगरू लागले की आक्सिलेटर दाबू नये. खड्डा आणखी खोल होतो. चाकापुढचा चिखल काढून पोती किंवा पऱ्हाट्या घालाव्यात.

येथे एक धोक्याचा इशारा. फसलेल्या ट्रॅक्टरच्या मोठ्या चाकाला लाकूड बांधून पुढे जोर देण्याची रीत काही ठिकाणी दिसते. चाक अडले की इंजिनाचा जोर ट्रॅक्टरचे तोंड वर उचलतो आणि ट्रॅक्टर चालकासकट मागे उलटतो. लाकूड बांधू नये. ट्रॉली सोडून, चिखल काढून मागे घेऊन पाहावे, नाही तर दुसरा ट्रॅक्टर बोलवावा. ओढणाऱ्या ट्रॅक्टरचा दोर खालच्या ड्रॉबारलाच बांधावा, वर कुठे बांधल्यास हाच प्रसंग ओढवतो. दोर ताणलेला असताना मुलाबाळांना लांब उभे करावे. तुटलेली साखळी चाबकासारखी येते.

सोबत पाण्याची कॅन, बॅटरी आणि मलमपट्टीचा डबा असावा. मोबाईलच्या उजेडावर विसंबू नये. तो फोनसाठी राखावा.

हे सारे एका पेटीत, ठरलेल्या जागी ठेवावे. पेटीच्या झाकणाला आतून यादी चिकटवावी आणि वापरलेली वस्तू त्याच दिवशी पुसून, तेलाचे बोट लावून परत ठेवावी. पेटी कुठे आहे आणि चाक कसे बदलतात, हे घरच्या लेकीसुनांनाही दाखवून ठेवावे. रोहिणीच्या उन्हात, जमीन कोरडी असताना एकदा चाक काढून बसवून पाहा. पावसाळी रात्री मग हाताला आपोआप आठवेल.