बंब येण्याआधी

जुन्या पनवेलात आमचे बालपण वाड्यात गेले. रस्त्यावरून घंटा वाजवत आगीचा बंब गेला, की आम्ही मुले विटीदांडू टाकून त्याच्यामागे धावत सुटायचो. काळजी थोरांना, आम्हाला अप्रूप त्या लाल गाडीचे!

दोन वर्षांपूर्वी तोच बंब माझ्या दारी आला. नवीन पनवेलमधल्या आमच्या सात मजली इमारतीत तळाशी वीजमीटरांनी पेट घेतला, जिन्यात धूर कोंडला. १०१ ला फोन केला. बंब तातडीने आलाही. पण गल्लीच्या तोंडाशी उभ्या केलेल्या मोटारींपाशी अडला. त्यातली एक माझी होती. किल्ली मात्र तिसऱ्या मजल्यावर, खुंटीला.

जवानांनी होज खांद्यावर टाकून धावत आणले. इमारतीतला लाल नळ उघडला, तर थेंबभर पाणी नाही. पाचव्या मजल्यावरच्या आजींना त्यांनी खुर्चीत बसवून उचलून आणले. आजी वाचल्या, पण माझी मान वर होईना.

अधिकारी रागावले नाहीत. एवढेच म्हणाले, "काका, आम्ही येईपर्यंतची मिनिटे तुमची असतात."

१४ एप्रिल १९४४ रोजी मुंबई बंदरात 'फोर्ट स्टिकिन' जहाजाचा स्फोट झाला आणि आग विझवणारे ६६ जवान कामी आले. त्यांच्या स्मरणार्थ या दिवसापासून देशभर अग्निशमन सेवा सप्ताह पाळतात. २००६ च्या राज्याच्या कायद्याने इमारतीतली अग्निसुरक्षा यंत्रणा चालू ठेवण्याची जबाबदारी मालक व रहिवाशांवर टाकली आहे. दर जानेवारी आणि जुलैत तसा दाखला द्यावा लागतो. आमच्याकडे कागद होता, पाणी नव्हते.

१८५२ ची नगरपालिका असलेले आमचे गाव २०१६ मध्ये महापालिका झाले. वाडे गेले, मनोरे आले. शेजार मात्र कुलूपबंद झाला. वाड्यात कोण आजारी, कोणाला चालवत नाही, हे सर्वांना ठाऊक असे.

गेल्या एप्रिलात आम्ही जवानांना सोसायटीत बोलावले. त्यांनी सिलिंडरची आग ओल्या गोणपाटाने विझवून दाखवली, मुलांकडून होज धरून घेतले. त्यानिमित्ताने कोणत्या घरात कोण अंथरुणाला खिळले आहे, याची यादी झाली. सात वर्षांचे शेजारी त्या दिवशी एकमेकांना नावाने ओळखू लागले.

आता गल्लीच्या तोंडाशी पिवळा पट्टा आहे. रात्री झोपण्यापूर्वी मी एकदा खिडकीतून तो मोकळा आहे ना, हे पाहून घेतो.