डेबियनची अस्थिर शाखा: गैरसमज आणि वस्तुस्थिती

डेबियन ही १९९३ पासून स्वयंसेवकांनी घडवलेली मुक्तस्रोत ऑपरेटिंग सिस्टिम आहे. तिच्यात पॅकेजची नवी आवृत्ती बहुधा आधी ‘अनस्टेबल’ म्हणजे अस्थिर शाखेत येते. तातडीनुसार साधारण २, ५ किंवा १० दिवस तिथे काढल्यावर, प्रकाशन अडवण्याइतका गंभीर नवा दोष निघाला नाही आणि इतर तपासण्या पार पडल्या, तर ती ‘टेस्टिंग’मध्ये सरकते. सुमारे दोन वर्षांनी टेस्टिंग गोठवतात, उरलेले गंभीर दोष निपटतात आणि तिचीच नवी ‘स्टेबल’ होते. ऑगस्ट २०२५ मध्ये आलेली डेबियन १३ अशीच तयार झाली.

अस्थिर शाखा बसवली की संगणक सतत बंद पडणार, हा सर्वांत पसरलेला समज. प्रत्यक्षात इथे अस्थिर असतो तो पॅकेजांचा संच. त्यात दिवसातून अनेकदा भर पडते, त्यामुळे आठवडेच्या आठवडे सुरळीत चाललेले यंत्र एखाद्याच अपग्रेडनंतर अडते. ३२ बिटी यंत्रांवरचा वेळेचा हिशेब २०३८ च्या पुढेही चालावा, म्हणून २०२४ च्या सुरुवातीला शेकडो लायब्ररी नव्या नावांनी पुन्हा बांधाव्या लागल्या. ते काम पुरे होईपर्यंत कितीतरी पॅकेजे एकमेकांशी जुळेनात. अशा दिवसांत अपग्रेडमुळे काय काय काढले जाणार आहे, ती यादी न वाचताच होकार दिला तर अख्खा डेस्कटॉप निघून जाऊ शकतो.

नवे तेच सुरक्षित, हा समज अधिक घातक आहे. डेबियनच्या सुरक्षा पथकाची पहिली बांधिलकी स्टेबलशी असते. अनस्टेबलला दुरुस्ती नव्या आवृत्तीसोबत मिळते आणि टेस्टिंगला ती तिथून सरकत येईपर्यंत थांबावे लागते. मार्च २०२४ मधले एक्सझेड प्रकरण तर याहून बोलके आहे. फाइली दाबून लहान करणाऱ्या या छोट्या प्रकल्पात दीर्घकाळ काम करून विश्वास मिळवलेल्या एका टोपणनावी व्यक्तीने ५.६.० आणि ५.६.१ या आवृत्त्यांत चोरवाट पेरली. त्या आवृत्त्या डेबियनच्या अनस्टेबल व टेस्टिंगमध्ये आणि फेडोरा या दुसऱ्या लिनक्स वितरणाच्या रॉहाइड या विकासशाखेत पोहोचल्या. डेबियन स्टेबलमध्ये मात्र पोहोचल्या नव्हत्या. ती चोरवाट उघडकीला आली तीही अस्थिर शाखेमुळेच. पोस्टग्रेस डेटाबेसवर काम करणारे अभियंते आंद्रेस फ्रॉइंड सिडवर, म्हणजे अनस्टेबलवर, वेगाची मोजणी करत होते. एसएसएचने लॉगिन करायला सुमारे अर्धा सेकंद जास्त लागतो आहे, हे त्यांनी दुर्लक्षिले नाही, मुळापर्यंत माग काढला आणि २९ मार्चला ते जाहीर केले. जगभरचे सर्व्हर त्या अर्ध्या सेकंदाच्या चिकाटीमुळे वाचले, असे म्हणण्यात अतिशयोक्ती नाही.

‘फार तर सिस्टिम पुन्हा बसवावी लागेल’ हेही नेहमी खरे नसते. २००८ मध्ये लिनक्स कर्नल २.६.२७ च्या चाचणी आवृत्त्यांनी इंटेलच्या काही नेटवर्क कार्डांमधली कायमस्वरूपी स्मृतीच बिघडवली आणि ती कार्डे निकामी झाली. उबुंटू, फेडोरा, ओपनसुसे यांच्या तेव्हाच्या पूर्वप्रकाशनांत हाच कर्नल होता. संशय साहजिकच कार्डाच्या ड्रायव्हरवर गेला. दोष निघाला कर्नलचा माग ठेवणाऱ्या एफट्रेस या वेगळ्याच भागात. असे क्वचित घडते, पण रोजच्या कामाच्या एकुलत्या एक संगणकावर चाचणी करू नये यासाठी एवढे कारण पुरेसे आहे. व्हर्च्युअल मशीन सुरक्षित असते, मात्र वायफाय, ग्राफिक्स, लॅपटॉप झोपवून उठवणे यांतले दोष तिथे दिसत नाहीत. त्यासाठी बाजूला ठेवलेला जुना लॅपटॉप बरा. बॅकअप तर हवाच, कारण अनस्टेबलवरून मागे स्टेबलवर येणे डेबियनमध्ये अधिकृतपणे समर्थित नाही.

स्टेबलही निर्दोष नसते. डिसेंबर २०२३ मध्ये कर्नल ६.१.६४ मध्ये ईएक्सटी४ फाइलव्यवस्थेतला माहिती बिघडवू शकणारा दोष आढळला, आणि डेबियन १२.३ थांबवून १२.४ काढावी लागली.

चाचणी प्रोग्रामरांनीच करावी, या समजाने मात्र खरे नुकसान होते. ‘आचार्यांना’ आणि ‘आचाऱ्यांना’ यांतले दोन वेगळे ‘र’ पडद्यावर बरोबर उमटतात की नाही, हे मराठी वाचणाऱ्याला क्षणात कळते. अक्षरे जोडणारे हार्फबझ किंवा लोहित देवनागरीसारखा फाँट बदलला, तर हा बिघाड इतर देशांतल्या कुशल विकासकाच्या नजरेतून सहज निसटेल. चांगल्या तक्रारीत काय केले, काय अपेक्षित होते आणि काय झाले एवढे नेमके हवे. पॅकेजची आवृत्ती आणि त्याची अवलंबित्वे ‘रिपोर्टबग’ हे साधन स्वतःच जोडते. ‘क्रिटिकल’, ‘ग्रेव्ह’ किंवा ‘सीरियस’ श्रेणीतली नव्या दोषाची नोंद वेळेत झाली, तर पॅकेज टेस्टिंगमध्ये जाण्यापासून रोखले जाते. दोष पाहूनही कोणीच नोंदवला नाही, तर ठरलेले दिवस भरतात आणि पॅकेज पुढे सरकते. ‘एपीटी-लिस्टबग्स’ बसवलेले असेल, तर इतरांनी नोंदवलेले गंभीर दोष अपग्रेडआधीच दिसतात आणि ते पॅकेज तेवढ्यापुरते थांबवता येते.

नव्याने सुरुवात करणाऱ्यासाठी टेस्टिंग गोठवल्यानंतरचे महिने उत्तम. तेव्हा नवी पॅकेजे जवळपास थांबलेली असतात, आणि जुन्या स्टेबलवरून नव्यावर जाताना काय मोडते याची माहिती डेबियनला याच काळात सर्वाधिक हवी असते.