ऐकवत नाही, तरी वाचायचं कसं?

ज्यांना एपिसोड ऐकायला जमलं नाही, त्यांच्यासाठी हे लिखित रूप. आधीच सांगतो, आज लहानपणीच्या मारहाणीचा आणि लैंगिक अत्याचाराचा विषय आहे. जड वाटलं तर इथेच थांबा, काही बिघडत नाही.

प्रश्न साधा आहे. असल्या आठवणींची पुस्तकं वाचायची कशाला? आणि वाचायची तर कशी?

दोन मराठी पुस्तकं घेऊ. पहिलं, डॉ. किशोर शांताबाई काळे यांचं 'कोल्हाट्याचं पोर', १९९४ सालचं. आई तमाशात नाचणारी, बापाचं नाव नाही. मुलगा नातेवाइकांच्या घरात उपाशी राहतो, राबतो, मार खातो आणि तरी शिकून डॉक्टर होतो. नावात बापाच्या जागी त्यांनी आईचं नाव लावलं. २००७ मध्ये अपघातात ते गेले. दुसरं, लक्ष्मी नारायण त्रिपाठी यांचं 'मी हिजडा, मी लक्ष्मी!', २०१२ सालचं, शब्दांकन वैशाली रोडे यांचं. त्यात लहानपणी नात्यातल्याच माणसाकडून झालेला अत्याचार सरळ सांगितलाय.

दोन्हीकडे त्रास देणारा अंधाऱ्या गल्लीतला अनोळखी माणूस नाही. तो घरातला, ओळखीतला आहे. हा योगायोग नाही. २००७ मध्ये केंद्राच्या महिला व बालविकास मंत्रालयाने १३ राज्यांतल्या १२,४४७ मुलांशी बोलून अहवाल काढला. त्यात ५३ टक्के मुलांनी कुठल्या ना कुठल्या लैंगिक अत्याचाराबद्दल सांगितलं. त्यात मुलगेही मुलींइतकेच होते. करणाऱ्यांपैकी निम्मे मुलाच्या ओळखीचे किंवा विश्वासातले.

आता आपल्या येवल्याचा विचार करा. अर्धा बाजार आपल्याला आडनावाने ओळखतो. 'लोक काय म्हणतील' हे वाक्य इथे कायद्यापेक्षा जोरात चालतं. पोरगं बोललं तर घराण्याची अब्रू जाते म्हणे; करणाऱ्याची मात्र जात नाही! लाज चुकीच्या माणसाच्या खात्यात जमा होते. आठवणी लिहिणारा माणूस ती लाज परत जिथली तिथे पाठवतो. म्हणून ही पुस्तकं वाचायची.

आता कशी, ते बघू.

एक, तारखा जुळवत बसू नका. आपल्या सॉफ्टवेअरच्या लॉगमध्ये प्रत्येक गोष्टीपुढे वेळ छापलेली असते. भेदरलेल्या मुलाची आठवण तशी नसते. वास, आवाज, दाराची कडी लख्ख आठवते; साल, महिना, आधी काय नि नंतर काय हे विस्कटतं. म्हणून एखादी तारीख चुकली की माणूस खोटं बोलतोय, असं ठरवू नका.

दोन, 'बघा, एवढं सोसून डॉक्टर झाला' एवढ्यावर पुस्तक मिटू नका. सोसल्यामुळे कोणी मोठं होत नाही, सोसूनही होतं. जे झाले नाहीत, त्यांची पुस्तकं छापलीच गेली नाहीत.

तीन, एका माणसाची कहाणी म्हणजे त्याच्या अख्ख्या समाजावरचा निकाल नव्हे.

चार, एका बैठकीत संपवायची सक्ती नाही. स्वतःचंच काही वर आलं, तर पुस्तक बाजूला ठेवा आणि विश्वासाच्या माणसाशी बोला. टेलिमानसचा १४४१६ हा नंबर मोफत आहे.

आणि वाचून झाल्यावर? खरी परीक्षा तिथे आहे. उद्या भाचा किंवा शेजारची चिमुरडी म्हणाली, 'मला त्यांच्याकडे जायचं नाही,' तर 'असं बोलू नये मोठ्यांबद्दल' हे वाक्य गिळा. 'बरं झालं सांगितलंस, तुझी काही चूक नाही,' एवढं म्हणा. खोदून उलटतपासणी नको. मदतीसाठी १०९८ वर फोन करा. नोव्हेंबर २०१२ पासून लागू असलेल्या पॉक्सो कायद्याने असा गुन्हा माहीत असूनही न कळवणं हाच गुन्हा आहे, आणि मुलाची ओळख उघड करायलाही बंदी आहे. म्हणजे व्हॉट्सॲप ग्रुपवर नाव टाकायचं नाही, पोलिसांना सांगायचं.

काळे आणि लक्ष्मी मोठे झाल्यावर बोलले. आपल्या घरातल्या मुलाला तोवर थांबायला लागू नये, एवढंच.

भेटू पुढच्या एपिसोडमध्ये. काळजी घ्या!