स्मृतीचा प्रकार, वेग व क्षमता आणि संगणकाचा कार्यमान गुणांक : एक विवेचन

बीजसंज्ञा : मुख्य स्मृती, रॅम, बँडविड्थ, विलंबकाल, कार्यमान चाचणी

प्रस्तावना :

महाविद्यालयातील प्रयोगशाळा, ग्रंथालय व कार्यालय यांसाठी संगणक घेताना दरपत्रके खरेदी समितीपुढे येतात. या समितीत संगणकशास्त्राच्या प्राध्यापकांबरोबरच भाषा, वाणिज्य, सामाजिक शास्त्रे इत्यादी विषयांचे प्राध्यापकही असतात. दरपत्रकात स्मृतीविषयी बहुधा 'रॅम ८ जीबी' एवढाच उल्लेख असतो. काही वेळा त्यासोबत एखाद्या कार्यमान चाचणीचा गुणांक जोडलेला असतो आणि ज्याचा गुणांक मोठा तो संगणक चांगला, असे गृहीत धरले जाते. अनुदानातून घेतलेला संगणक अनेक वर्षे वापरावयाचा असल्याने या गृहीतकातील चूक विद्यार्थ्यांच्या अनेक तुकड्यांना सोसावी लागते.

प्रस्तुत लेखाची उद्दिष्टे पुढीलप्रमाणे आहेत :
१. स्मृतीचा प्रकार, वेग व क्षमता यांचा कार्यमानावर होणारा परिणाम स्वतंत्रपणे स्पष्ट करणे.
२. कार्यमान गुणांकात या घटकांचे प्रतिबिंब कसे पडते, हे पाहणे.
३. खरेदीच्या दृष्टीने उपयुक्त निकष सुचविणे.

स्मृतीचा प्रकार :

आजच्या संगणकातील मुख्य स्मृती ज्या तत्त्वावर चालते, त्याचे एकस्व आयबीएममधील रॉबर्ट डेनार्ड यांना १९६८ मध्ये मिळाले. एक ट्रान्झिस्टर व एक धारित्र मिळून एक बिट साठविला जातो. धारित्रातील विद्युतभार गळत असल्याने तो सतत पुन्हा भरावा लागतो. म्हणूनच या स्मृतीस 'गतिक' असे म्हणतात. मूळ तत्त्व तेच राहिले, मात्र देवघेवीची पद्धत बदलत गेली. जेडेक या मानक संस्थेने डीडीआरचे मानक २००० मध्ये प्रसिद्ध केले. त्यानंतर डीडीआर२ (२००३), डीडीआर३ (२००७), डीडीआर४ (२०१२) व डीडीआर५ (२०२०) या पिढ्या आल्या. प्रत्येक पिढीच्या पट्टीवरील खाच वेगळ्या जागी असते व विद्युतदाबही वेगळा असतो. त्यामुळे एका पिढीची पट्टी दुसऱ्या पिढीच्या मदरबोर्डवर बसत नाही. प्रकार एकदा निवडला की पुढील वाढीची मर्यादाही निश्चित होते.

तथापि नवा प्रकार म्हणजे आपोआप अधिक गुणांक, असे म्हणता येत नाही. इंटेलचा अनुभव या दृष्टीने उद्बोधक आहे. १९९९ मध्ये पेंटियम ३ प्रोसेसरसाठी महागडी आरडीरॅम स्मृती पुढे करण्यात आली. ती सेकंदाला १.६ जीबी माहिती देऊ शकत होती. परंतु प्रोसेसरकडे जाणारा मार्गच सेकंदाला सुमारे १.०६ जीबी एवढ्या क्षमतेचा होता. साहजिकच वाढीव किमतीच्या मानाने लाभ नगण्य ठरला. पुढे २००० मध्ये आलेल्या पेंटियम ४ चा मार्ग ३.२ जीबी क्षमतेचा होता व आरडीरॅमच्या दोन वाहिन्या तो पूर्ण भरू शकत होत्या. याच प्रोसेसरला २००१ मध्ये १३३ मेगाहर्ट्झच्या साध्या एसडीरॅमची जोड देण्यात आली, तेव्हा पुरवठा पुन्हा १.०६ जीबीवर आला आणि स्मृतीवर अवलंबून असलेल्या चाचण्यांत संगणक मागे पडला. तात्पर्य, स्मृतीच्या प्रकाराचे मोल प्रोसेसरशी असलेल्या तिच्या मेळावर ठरते.

वेगाचे दोन अर्थ :

स्मृतीचा 'वेग' या एका शब्दात दोन भिन्न कल्पना मिसळलेल्या आहेत. पहिली बँडविड्थ, म्हणजे एका सेकंदात किती माहिती वाहून नेता येते. दुसरी विलंबकाल, म्हणजे मागणी केल्यापासून माहिती मिळू लागेपर्यंत किती वेळ जातो. नळ मोठा असणे व नळ उघडताच पाणी येणे या जशा दोन वेगळ्या गोष्टी, तसेच हे आहे.

डीडीआर-४०० या स्मृतीत सेकंदाला ४० कोटी देवघेवी होतात. प्रत्येक देवघेवीत ८ बाइट जातात, म्हणून तिची बँडविड्थ ३.२ जीबी होते. डीडीआर४-३२०० मध्ये हाच आकडा २५.६ जीबी, म्हणजे आठपट आहे. आता विलंबकाल पाहू. पट्टीच्या तपशिलात 'सीएल' म्हणून दिलेली संख्या घड्याळाचे किती ठोके थांबावे लागते, हे सांगते. डीडीआर-४०० मध्ये सीएल ३ व ठोका ५ नॅनोसेकंदांचा, म्हणजे १५ नॅनोसेकंद. डीडीआर४-३२०० च्या सीएल २२ प्रतीत ठोका ०.६२५ नॅनोसेकंदाचा, म्हणजे १३.७५ नॅनोसेकंद. बँडविड्थ आठपट झाली, पण विलंबकाल जवळजवळ जागच्या जागी राहिला. प्रोसेसर व स्मृती यांच्या गतीतील या वाढत्या दरीकडे वुल्फ व मॅक्की यांनी १९९५ मध्ये लक्ष वेधले व तिला 'स्मृतीची भिंत' असे नाव दिले.

चित्रफितींचे संपादन किंवा मोठ्या सारण्यांवरील गणिते यांत माहिती सलग वाहत असल्याने बँडविड्थ उपयोगी पडते. माहितीसाठ्यातील विखुरलेल्या नोंदी शोधताना मात्र विलंबकाल अधिक जाणवतो. टंकलेखनासारखी कामे बहुतांशी प्रोसेसरमधील कॅशमध्येच भागतात. तेथे वेगवान स्मृतीचा फरक क्वचितच जाणवतो.

क्षमता :

वेग वाढला की कार्यमान थोडे थोडे वाढते. क्षमतेचे मात्र तसे नाही. क्षमता हा उंबरठा आहे. काम स्मृतीत मावत असेल, तर आणखी स्मृती दिल्याने गुणांक फारसा हलत नाही. काम मावेनासे झाले, की संगणक माहितीचा काही भाग डिस्कवर ठेवू लागतो. मुख्य स्मृतीपर्यंत पोहोचण्यास साधारण १०० नॅनोसेकंद लागतात, तर हार्ड डिस्कला सुमारे १० मिलिसेकंद, म्हणजे एक लाख पट. एसएसडीमुळे ही दरी पुष्कळ कमी झाली असली तरी ती शेकडो पटींची आहेच. अशा वेळी अपुऱ्या स्मृतीचा वेग कितीही असला, तरी तो व्यर्थ ठरतो.

गुणांकात काय दिसते :

विंडोज व्हिस्टाबरोबर २००७ मध्ये आलेला 'विंडोज एक्स्पीरियन्स इंडेक्स' हे बोधप्रद उदाहरण आहे. त्यात प्रोसेसर, स्मृती, चित्रांकन व डिस्क यांना १.० ते ५.९ या श्रेणीत स्वतंत्र गुण मिळत आणि संगणकाचा एकूण गुणांक म्हणजे त्यांची सरासरी नव्हे, तर त्यांतील सर्वांत कमी गुण असे. स्मृतीचे गुण बँडविड्थवरून ठरत. परंतु त्यास क्षमतेची कमाल मर्यादा होती. ५१२ एमबी स्मृती असल्यास, ती कितीही वेगवान असली तरी, गुण २.९ च्या वर जात नसत. एकाच संख्येत वेग व क्षमता या दोहोंचा हिशेब असा गुंतलेला होता. विंडोज ८.१ पासून (२०१३) हा गुणांक दाखविणे बंद झाले.

याउलट जॉन मॅकॅल्पिन यांची 'स्ट्रीम' ही चाचणी केवळ टिकाऊ बँडविड्थ मोजते. त्यासाठी वापरावयाची सारणी कॅशच्या किमान चौपट मोठी असावी लागते. अन्यथा स्मृतीऐवजी कॅशचेच मोजमाप होते. चाचणी बदलली की चित्र किती पालटते, याची कल्पना जपानच्या फुगाकू महासंगणकावरून येते. २०२० मध्ये लिनपॅक चाचणीत त्याने ४४२ पेटाफ्लॉप्स गाठले. स्मृतीवर अधिक ताण देणाऱ्या एचपीसीजी चाचणीत हाच आकडा सुमारे १६ होता. तरीही दोन्ही याद्यांत तो त्या वेळी प्रथम क्रमांकावर होता.

खरेदीच्या दृष्टीने :

१. कोणते काम करावयाचे ते आधी लिहून काढावे व त्यास पुरेल एवढ्या क्षमतेस प्राधान्य द्यावे.
२. शक्यतो एका पट्टीऐवजी दोन समान पट्ट्या घ्याव्यात. दोन वाहिन्यांमुळे बँडविड्थ तत्त्वतः दुप्पट होते. स्वतंत्र ग्राफिक्स कार्ड नसलेला संगणक चित्रांकनासाठीही हीच स्मृती वापरतो, म्हणून तेथे हा लाभ विशेष दिसतो.
३. भिन्न वेगाच्या पट्ट्या एकत्र बसविल्यास सर्व पट्ट्या संथ पट्टीच्या वेगाने चालतात, हे ध्यानात ठेवावे.
४. दरपत्रकात प्रकार, वेग, सीएल, पट्ट्यांची संख्या व रिकाम्या खाचा यांचा स्पष्ट उल्लेख मागावा.
५. एकूण गुणांकाऐवजी स्मृतीचे स्वतंत्र गुण व चाचणीचे नाव विचारावे.

निष्कर्ष :

प्रकार मर्यादा ठरवितो, वेग त्या मर्यादेत भर घालतो आणि क्षमता अपुरी असल्यास दोहोंचा लाभ हरपतो. कार्यमान गुणांक हे उपयुक्त साधन आहे, परंतु ते एका विशिष्ट प्रश्नाचे उत्तर असते. तो प्रश्न आपल्या कामाशी जुळतो किंवा नाही, हे तपासण्यास संगणकशास्त्राची पदवी लागत नाही. खरेदी समितीतील प्रत्येक प्राध्यापकाने दरपत्रकावर स्वाक्षरी करण्यापूर्वी एवढी विचारणा अवश्य करावी.