संगणकाच्या टपालघरातील पत्त्यांची नोंद

पाकिटावर आडनाव थोडे चुकले तरी आपल्या श्रीपूरचा पोस्टमन विचारपूस करून पत्र पोहोचवितो. ई-मेलचे तसे नाही. तेथे एक अक्षर चुकले की पत्र परत फिरते किंवा भलत्याच्या हाती पडते. आमच्या ओळखीच्या एका विद्यार्थिनीचे मुलाखतीचे पत्र असेच हुकले. नोंद करणाऱ्याने पत्त्यातील एक अक्षर गाळले होते. म्हणून ही नोंद कशी होते, ते सभासदांनी समजून घ्यावे.

आपल्या देशात या टपालाचा आरंभ मुंबईत झाला. १९८६-८७ च्या सुमारास 'अर्नेट' या जाळ्याद्वारे तेथील संशोधन संस्थांत पत्रे जाऊ लागली. सर्वसामान्यांस इंटरनेट मिळाले ते १५ ऑगस्ट १९९५ पासून.

पत्त्यात 'ॲट' चिन्हाच्या आधी माणसाचे नाव व नंतर टपालघराचे नाव असते. हे टपालघर म्हणजेच मेल सर्व्हर. पत्र आले की तो आपल्या यादीत नाव शोधतो. सापडल्यास २५० हा आकडा कळवितो, म्हणजे पत्ता मान्य. न सापडल्यास साधारणतः ५५०, म्हणजे अशी पेटी येथे नाही.

पाच-दहा नावे हाताने नोंदविता येतात. महाविद्यालयातील हजार नावांसाठी मात्र प्रोग्राम लिहितात. तो यादी ओळीओळीने वाचून पुढील कामे करतो :

(१) नाव व पत्ता घेणे.
(२) तो पत्ता आधीच नोंदलेला आहे काय, हे पाहणे.
(३) नसल्यास पेटी उघडून तात्पुरता पासवर्ड देणे. किंवा पेटी दुसरीकडे असल्यास तो बाहेरचा पत्ता नोंदविणे.
(४) नाव गटात घालणे, म्हणजे गटाच्या एका पत्त्यावर धाडलेले पत्र सर्वांना मिळते.
(५) जे जमले नाही, ते वेगळे लिहून ठेवणे.

पाचवे काम अनेकजण विसरतात. बँकेत दिवसअखेर आम्ही ताळा जुळवितो, तसाच येथेही जुळवावा. झालेल्या व राहिलेल्या नोंदींची बेरीज यादीइतकी आली पाहिजे.

परंतु ताळा जुळला तरी चुकीचे अक्षर सापडत नाही. प्रोग्राम यादीतली चूक जशीच्या तशी उतरवितो. त्यावर उपाय एकच. प्रत्येकास चाचणीचे पत्र धाडावे व उत्तर मागावे. उत्तर न आल्यास घरी जाऊन विचारावे.

विद्यार्थ्यांनी आपला पत्ता स्वतःच्या हाताने लिहून द्यावा आणि पुन्हा वाचून पाहावा. एका अक्षरापायी कुणाची संधी हुकू नये, एवढीच आमची विनंती.