पोळपाटाखालचं ओलं फडकं

ऑक्युपेशनल थेरपीला मराठीत ‘व्यवसायोपचार’ असा अधिकृत शब्द आहे, आणि गैरसमजाची सुरुवात तिथूनच होते. व्यवसाय म्हटलं की आपल्याला नोकरी-धंदा आठवतो. इथे मात्र माणसाचा दिवस ज्या कामांत जातो ती सगळी कामं व्यवसायच: दात घासणं, बटणं लावणं, चहा टाकणं, सही करणं. लहान मुलाचा व्यवसाय म्हणजे खेळ. आजाराने, अपघाताने किंवा जन्मजात अडचणीने यातलं जे हातून निसटतं, ते परत मिळवून देणारा तो व्यवसायोपचारतज्ज्ञ. तो घडतो कसा, याची फारशी कुणी चौकशी करत नाही.

भारतात या शिक्षणाची सुरुवात मुंबईत झाली. अमेरिकेत जन्मलेल्या एलिझाबेथ लंडी लग्नानंतर कमला निंबकर झाल्या आणि १९५० साली परळच्या केईएम रुग्णालयात त्यांनी या विषयाची शाळा उभी केली. फलटणची ‘कमला निंबकर बालभवन’ ही शाळा त्यांच्याच नावाची. दोनच वर्षांनी, १९५२ साली, अखिल भारतीय संघटना स्थापन झाली. त्याच वर्षी व्यवसायोपचारतज्ज्ञांचा जागतिक महासंघ जन्माला आला, तेव्हा त्याच्या दहा संस्थापक देशांत भारत होता. आज केईएमबरोबरच शीव आणि नायर रुग्णालयांशी जोडलेली महापालिकेची महाविद्यालयं, हाजीअलीची केंद्रीय पुनर्वसन संस्था आणि नागपूरचं शासकीय वैद्यकीय महाविद्यालय ही या शिक्षणाची जुनी ठिकाणं.

इथली पदवी वर्षानुवर्षं साडेचार वर्षांची राहिली आहे: चार वर्षं अभ्यास, सहा महिने इंटर्नशिप. सुरुवातीला शरीररचना आणि शरीरक्रियाशास्त्र. पुढे मेंदूचे, हाडांचे, मनाचे आणि बालवाढीचे विकार. जागतिक महासंघाच्या निकषाप्रमाणे विद्यार्थ्याने किमान १,००० तास प्रत्यक्ष रुग्णांबरोबर काढायचे असतात, आणि खरं शिक्षण त्या तासांत होतं.

स्प्लिंटचंच बघा. मनगट लुळं पडलेल्या रुग्णाच्या हाताची आकृती विद्यार्थी कागदावर काढतो, तिच्यावरून प्लास्टिकचा खास पत्रा कापतो. गरम पाण्यात तो पत्रा नरम होतो. कडक व्हायच्या आत, मिनिटा-दोन मिनिटांत, मनगट किंचित वर उचललेलं ठेवून हातावर बसवायचा. पट्टे लावले म्हणजे काम संपलं असं नाही. अर्ध्या तासाने स्प्लिंट काढून कातडी बघायची. लाल वळ उठला आणि तो लवकर मावळला नाही, तर कडा पुन्हा गरम करायची.

दुसरं कौशल्य डोळ्यांचं. याला कृतीचं विश्लेषण म्हणतात. पोळी लाटणं हे आपल्या लेखी एक काम. विद्यार्थ्याला त्यात उंडा मळणं, दोन्ही हातांचा सारखा दाब, लाटणं फिरवताना खांद्याची हालचाल आणि तव्यापाशी सावधपणा असे पंधरा तुकडे दिसायला लागतात. अर्धांगवायूने एक हात गेलेल्या बाईचं नेमकं अडतं कुठे? बरेचदा ताकदीपेक्षा पोळपाट सरकण्यात. पोळपाटाखाली ओलं फडकं घातलं की तो जागचा हलत नाही. उपाय दोन पैशांचा. तो सुचण्यासाठी लागणारी नजर मात्र काही वर्षांच्या शिक्षणाची.

पदव्युत्तर शिक्षणात, म्हणजे एम.ओ.टी.एच.ला, एखाद्या शाखेत खोल शिरायचं असतं आणि प्रबंध लिहायचा असतो. अमेरिकेने तर २००७ पासून या पेशात शिरण्यासाठीच पदव्युत्तर शिक्षण बंधनकारक केलं. पुढे किमान पात्रता डॉक्टरेट करण्याचं घाटत होतं. तो निर्णय २०१९ मध्ये मागे घेतला गेला. आपल्याकडे २०२१ च्या केंद्रीय कायद्याने अभ्यासक्रमाचा दर्जा ठरवण्याचं काम राष्ट्रीय आयोगाकडे सोपवलं आहे. वर्षं किती असावीत यावर खल होईलच. माझ्या मते प्रश्न वर्षांचा कमी आणि मोजपट्टीचा जास्त आहे.

रुग्ण किती स्वावलंबी आहे हे मोजायला जगभर बार्थेल निर्देशांक वापरतात. तो १९६५ सालचा, दहा बाबींचा, शंभर गुणांचा. पलंगावरून खुर्चीवर जाता येतं का, जिना चढता येतो का, हे त्यात आहे. जमिनीवरून उठता येतं का, हे नाही. म्हणजे एखाद्या आजीला शंभरपैकी शंभर मिळतील. पण ती पंगतीला मांडी घालून बसू शकणार नाही, भारतीय पद्धतीच्या संडासातून उठू शकणार नाही आणि देवापुढे बसली तर तिला उठवायला कुणीतरी लागेल. कागदावर ती बरी झालेली, घरात परावलंबी.

ही उणीव परदेशातल्या पुस्तकांनी भरून निघणार नाही. त्यांचा तो प्रश्नच नाही. ते काम इथल्या प्रबंधांचं आहे. उकिडवं बसणं, विळीवर चिरणं, लुगडं नेसणं, भाकरी थापणं यांची मोजमापं आणि टप्पे ज्यांनी लिहायचे, ती मुलं याच वर्गांत बसलेली आहेत. त्यांना विषय निवडायला मोकळीक आणि मार्गदर्शक हवा.

वाचकांचाही यात वाटा आहे. घरातलं कुणी व्यवसायोपचारासाठी जात असेल, तर पहिल्याच भेटीत काय दुखतं हे सांगून थांबू नका. आम्ही जेवायला जमिनीवर बसतो, मोरीला उंबरा आहे, आईला सकाळी रांगोळी काढायची असते, हेही सांगा. समोरच्या शिकाऊ मुलीच्या वहीत ते उतरू द्या. तिच्या अभ्यासक्रमाचं ते राहून गेलेलं पान आहे.