खपाचा खेळ

माजलगावात 'प्रोजेक्ट आयजीआय' विकत घेतलेला माणूस मला आजवर भेटलेला नाही. खेळलेले मात्र पायलीचे पन्नास भेटतात. आज ते पस्तिशी-चाळिशीत आहेत. कुणाचं कृषी सेवा केंद्र आहे, कुणी साखर कारखान्यात पाळीला जातो, कुणी शाळेवर गुरुजी आहे. विषय निघाला की मनोऱ्यावरचा नेमबाज, अचानक वाजणारा सायरन आणि मिशन संपता संपता मेल्यावर पुन्हा पहिल्यापासून करावी लागणारी सुरुवात, सगळं काल घडल्यासारखं सांगतात.

नॉर्वेच्या इनरलूप स्टुडिओजचा हा गेम डिसेंबर २००० मध्ये आला. परदेशी समीक्षकांनी त्यातला दूरवर पसरलेला मोकळा परिसर वाखाणला. मिशनच्या मध्ये सेव्ह करता येत नाही, चौघांना मिळून खेळता येत नाही, शत्रूचे शिपाई बावळट आहेत, म्हणून नावंही ठेवली. जगात सर्वाधिक खपलेल्या गेमच्या यादीत तो कुठेच नाही. भारतात मात्र एका पिढीच्या डोक्यात तो पक्का बसलाय. सीडीवरून सीडी, नेट कॅफेतल्या एका कॉम्प्युटरवरून दुसऱ्यावर, असा तो गावोगाव पोचला. ही चोरीच होती, तिला गोड नाव द्यायचं कारण नाही. पण तालुक्याच्या गावात ओरिजिनल सीडी शोधूनही सापडत नसे, आणि सापडली असती तरी किंमत ऐकून वडिलांनी दुकानातून कान धरून बाहेर काढलं असतं. तेव्हा 'गेम चांगला असेल तर खपतोच' हे वाक्य कुणी टाकलं की मी आधी विचारतो: मोजलं कुणी आणि कुठे?

याच्याही आधी टीव्हीला जोडायचे डबे होते. समुराई, मीडिया, लिटल मास्टर. पिवळ्या नाहीतर काळ्या कॅसेटवर लाखो गेम असल्याचं छापलेलं असे आणि आत तेच दहा-बारा गेम नावं बदलून फिरत. निन्टेंडोच्या 'सुपर मारिओ ब्रदर्स'चा (१९८५) अधिकृत खप चार कोटींच्या आसपास सांगितला जातो. त्यात आपल्याकडच्या एकाही डब्यातला मारिओ नाही. दुसरीकडे, त्या चार कोटींतल्या कितीतरी प्रती यंत्राबरोबर खोक्यातच आलेल्या होत्या, त्या कुणी निवडून घेतल्या नव्हत्या. म्हणजे एकच आकडा एका बाजूने कमी आणि दुसऱ्या बाजूने जास्त. नोकियाच्या फोनमधल्या सापाच्या गेमचं तर विचारूच नका. २००३ साली आलेला नोकिया ११०० जगभरात २५ कोटींच्या वर विकला गेला आणि त्याबरोबर साप घरोघर गेला. त्यासाठी वेगळा एक रुपया कुणी मोजला नाही. तो गेम चांगला नव्हता असं म्हणायची कुणाची छाती आहे?

जिथे पावती फाटते तिथला हिशेबही सरळ नाही. १९८२ च्या नाताळासाठी अटारी कंपनीने 'ई.टी.' हा सिनेमावरचा गेम घाईघाईत काढला. तो बनवायला हॉवर्ड स्कॉट वॉर्शॉ यांना जेमतेम पाच आठवडे मिळाले होते. गेम आजही जगातल्या सर्वांत वाईट गेममध्ये गणला जातो, पण त्याच्या पंधरा लाखांच्या आसपास प्रती विकल्या गेल्या. हा खप सिनेमाचा होता. कंपनीने छापलेल्या प्रती मात्र त्याहून लाखोंनी जास्त होत्या. उरलेल्या मालापैकी काही न्यू मेक्सिकोच्या वाळवंटात पुरला गेला आणि २०१४ मध्ये तो उकरून काढला तेव्हा कॅमेरे हजर होते. 'सायबरपंक २०७७'चंही तसंच. १० डिसेंबर २०२० ला आला, दहा दिवसांत सव्वा कोटीच्या वर विकला गेला आणि त्याच दहा दिवसांत प्लेस्टेशनच्या दुकानातून काढूनही टाकला गेला, कारण जुन्या यंत्रांवर तो धड चालत नव्हता. लोकांनी पैसे आधी भरले होते, गेम नंतर पाहिला. उलटं उदाहरण जपानच्या 'ओकामी'चं. २००६ मध्ये समीक्षकांनी त्याला डोक्यावर घेतलं, वर्षातला सर्वोत्तम गेम म्हणून मान मिळाला, आणि खप इतका कमी की गिनीज बुकात त्याचीच नोंद झाली. पुढच्या वर्षी तो बनवणारा स्टुडिओ बंद पडला.

अशा गोष्टी सांगून कुठलाही पक्ष मांडता येतो. म्हणून मला एका प्रयोगाचं महत्त्व वाटतं. तो गेमवर नाही, गाण्यांवर आहे. कोलंबिया विद्यापीठातल्या मॅथ्यू साल्गानिक, पीटर डॉड्स आणि डंकन वॉट्स यांनी तो केला आणि २००६ मध्ये 'सायन्स'मध्ये छापला. चौदा हजारांहून अधिक लोकांना अनोळखी बँडची ४८ गाणी दिली: ऐका, आवडलं तर डाउनलोड करा. काहींना नुसती गाणी दिसत होती. बाकीच्यांना आठ वेगवेगळ्या गटांत टाकलं होतं आणि आपल्या गटात कुठलं गाणं किती जणांनी उतरवलं हे त्यांना दिसत होतं. आठवडी बाजारात ज्या ढिगाभोवती गर्दी असते तिथेच आपणही पिशवी उघडतो, तसंच झालं. आकडा दिसला की पुढची गाणी फार पुढे आणि मागची फार मागे गेली. शिवाय एका गटात वर असलेलं गाणं दुसऱ्या गटात वर असेलच असं नव्हतं. गाणी तीच, ऐकणारे तशाच प्रकारचे, फक्त पहिल्या काही जणांनी काय उचललं एवढाच फरक.

पण याच प्रयोगाचा दुसरा निष्कर्ष लोक सांगायचा विसरतात. सर्वांत चांगली गाणी क्वचितच तळाला गेली आणि सर्वांत वाईट क्वचितच वर आली. मधल्या सगळ्यांचं काहीही होऊ शकत होतं. माझ्या मते गेमच्या बाजाराचंही हेच खरं उत्तर आहे. खप अगदी खोटं बोलत नाही, पण मधल्या मोठ्या पट्ट्याबद्दल त्याला काही ठाऊक नसतं. आणि बहुतेक गेम त्या पट्ट्यातच असतात.

आपल्या राज्यातले दोन गेम घ्या. पुण्याच्या नॉडिंग हेड्स गेम्सचा 'राजी: अ‍ॅन एन्शंट एपिक'. राक्षसांनी पळवलेल्या भावाला शोधायला निघालेली सर्कशीतली मुलगी, पहाडी चित्रशैलीतली पार्श्वभूमी, सावल्यांच्या बाहुल्यांतून सांगितलेली कथा. २०१७ मध्ये लोकवर्गणीतून पैसे उभे करायचा त्यांचा प्रयत्न फसला. तरी गेम पुरा झाला आणि १८ ऑगस्ट २०२० ला आधी निन्टेंडो स्विचवर आला. स्विच भारतात अधिकृतपणे विकलाच जात नव्हता! पुण्यात बनलेला गेम पुण्यातच सरळ मार्गाने खेळता येईना. कॉम्प्युटर आणि इतर यंत्रांवर तो ऑक्टोबरमध्ये आला. डिसेंबरात 'द गेम अवॉर्ड्स'मध्ये पदार्पणाच्या सर्वोत्तम गेमसाठी त्याला नामांकन मिळालं, पुरस्कार 'फॅस्मोफोबिया'ला गेला.

दुसरा नवी मुंबईचा 'लुडो किंग', विकाश जयस्वाल यांच्या गेमेशनचा, २०१६ चा. टाळेबंदीत त्याने कहर केला आणि डाउनलोडचा आकडा ५० कोटींच्या वर गेला. त्या उन्हाळ्यात माजलगावातली आजी, पुण्यातला नातू आणि सुरतेतली मावशी एकाच पटावर सोंगट्या मारत होती. हा गेम 'राजी'पेक्षा चांगला? ही तुलनाच मला पटत नाही. पण 'लुडो किंग' सामान्य आहे म्हणून नाक मुरडणाऱ्यांशीही माझं जमत नाही. स्वस्तातल्या फोनवर चालणं, नेट नसताना चालणं, एकच फोन चौघांत फिरवून खेळता येणं, अक्षरओळख नसलेल्या माणसालाही समजणं, हे सगळं कारागिरीचंच काम आहे. आणि 'राजी' कमी लोकांपर्यंत पोचला म्हणून तो थोर, असंही नाही. त्याची मारामारी ताठर आणि लांबी तोकडी असल्याचं समीक्षकांनी तेव्हाच लिहिलं होतं, ते खरं आहे.

आजच्या पोरांसमोर तर विक्री हा प्रश्नच उरला नाही, गेम फुकट असतो. 'पबजी मोबाइल'ला बरा फोन लागायचा, 'फ्री फायर' कमी रॅमच्या फोनवरही पळायचा. म्हणून पारावरची पोरं दुसऱ्याकडे वळली. इथे निवड गेमने नव्हे, फोनने केली. आई-वडील दसऱ्यानंतर कोयता घेऊन पश्चिम महाराष्ट्रात नाहीतर कर्नाटकात ऊसतोडीला गेलेले, आजीजवळ राहिलेल्या पोराच्या हातात घरातला जुना फोन: त्यावर जे चालेल ते त्याच्यासाठी सर्वोत्तम. मग सरकारने २ सप्टेंबर २०२० ला पबजी आणि १४ फेब्रुवारी २०२२ ला फ्री फायर बंद केला. एका रात्रीत आकडे कोसळले, गेम आदल्या दिवशी होता तेवढाच बरा-वाईट होता. कमाई म्हणाल तर ती गेममधले डायमंड विकत घेणाऱ्या मूठभरांकडून येते. बाकीचे सगळे हिशेबाबाहेर.

समीक्षकांच्या गुणांवर भिस्त ठेवावी, तर तिथेही पैसा घुसलाय. 'फॉलआउट: न्यू वेगास' (२०१०) बनवणाऱ्या ऑब्सिडियनला मेटाक्रिटिक या समीक्षकांच्या गुणांची सरासरी काढणाऱ्या साइटवर ८५ गुण पडले तर बोनस मिळणार होता. ८४ पडले.

तरी एक आकडा मला बऱ्यापैकी विश्वासाचा वाटतो: जुना झाल्यावरही टिकणारा खप. 'अमंग अस' २०१८ मध्ये आला तेव्हा कुणी ढुंकून पाहिलं नाही, २०२० मध्ये जगभर पसरला. 'स्टारड्यू व्हॅली' हा शेतीचा गेम एरिक बॅरोन या एकट्या माणसाने साडेचार वर्षं खपून केला आणि २०१६ मध्ये आणला. डिसेंबर २०२४ पर्यंत त्याच्या ४ कोटी १० लाख प्रती विकल्या गेल्या होत्या. (त्या शेतात सावकार नाही, मुकादमाची उचल नाही. सिंदफणा नदीकाठच्या शेतकऱ्याने तो खेळला तर हसेलच.) एवढी वर्षं जाहिरातीच्या जोरावर कुणी गेम विकू शकत नाही. हा खप एका खेळणाऱ्याने दुसऱ्याला सांगितल्याचा आहे. पहिल्या आठवड्याचा खप फक्त गाजावाजा मोजतो.

या दिवाळीत घरात गेम घ्यायचा असेल तर नवा कोरा, गाजणारा घेऊ नका. दोन-तीन वर्षांपूर्वीचा, अजूनही खपणारा घ्या, तो स्वस्तही पडेल. आणि स्टीमवर घेतलात तर १४ दिवसांच्या आत आणि दोन तासांहून कमी खेळला असेल तोवर पैसे परत मागता येतात, हे पोराला आधी सांगून ठेवा.